दाब बरोबर होता

आजच्या काही पेट्रोल गाड्यांत मागच्या सीटखाली, टाकीच्या झाकणाजवळ, तळहातावर मावेल एवढी एक काळी डबी असते. फ्युएल पंप कंट्रोल मॉड्यूल हे तिचं नाव. टाकीतल्या विजेच्या पंपाने किती जोर लावायचा हे तिच्या हातात असतं. इंजिनाचा कॉम्प्युटर हुकूम सोडतो आणि ती वीज झपाझप चालू-बंद करत पंपाला हवी तेवढीच पुरवते. सपाटीवर थोडी, चढावर जास्त. जुन्या इंजेक्शनच्या गाड्यांत हा प्रकार नव्हता. किल्ली फिरवली की रिले खटकन बसायचा, पंप सदा पूर्ण जोरात फिरायचा आणि उरलेलं पेट्रोल परत टाकीत यायचं. नव्या पद्धतीत वीज वाचते, पेट्रोलही कमी तापतं. मात्र पंपाचा सगळा भार त्या डबीतून जातो, हे कुणाच्या ध्यानात राहत नाही.

ही गोष्ट अशाच एका डबीची आहे. खरं तर दोन डब्यांची, कारण पहिली गेल्यावर दुसरी बसवली आणि तीही त्याच वाटेने निघाली होती.

गाडी होती साताऱ्यातल्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंची. टर्बो पेट्रोलची सेडान, चांगल्या निगुतीने वापरलेली. लेक पुण्यात नोकरीला, त्यामुळे महिन्यातून एखाद-दुसऱ्या शनिवारी पुणे आणि रविवारी दुपारी परत. जाताना बोगदा लागायचा, येताना मात्र खंबाटकीचा घाट चढावा लागायचा. एका एप्रिलात, भर उन्हात, ट्रकांच्या रांगेमागे दुसऱ्या गिअरमध्ये गाडी चढत असताना इंजिनाचा जीव गेला. आधी ओढ कमी झाली, मग दोन गचके, मग काहीच नाही. स्टार्टर फिरत होता, इंजिन धरत नव्हतं. मागच्या ट्रकवाल्याने उतरून गाडी कडेला घ्यायला मदत केली. अर्ध्या तासाने बाईंनी सहज किल्ली फिरवली, तर पहिल्या फटक्यात चालू!

ज्यांनी पद्मिनी चालवली आहे त्यांना हे ओळखीचं वाटेल. घाटात पेट्रोलची वाफ होऊन पंप अडायचा आणि माणसं पंपावर ओलं फडकं टाकून वाट बघत बसायची. पण त्या गाडीचा पंप इंजिनावर बसलेला असायचा, तिथल्या उष्णतेत पेट्रोल ओढून घ्यायचा. आता पंप टाकीत बुडालेला असतो आणि मागून पेट्रोल ढकलतो. ओल्या फडक्याचा तो उपाय इथे चालत नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी गाडी शहरातल्या एका गॅरेजात दिली. तिथे स्कॅनर लावला. कोड निघाले, पंपाच्या मॉड्यूलकडे बोट दाखवणारे. मॉड्यूल बदललं, पाच आकडी बिल झालं. ‘हा पार्टच नाजूक येतो, मॅडम,’ असं सांगून गाडी परत मिळाली. पावसाळा नीट गेला, थंडी नीट गेली. बाई निर्धास्त झाल्या. मार्च संपता संपता, त्याच घाटात, जवळपास त्याच वळणावर गाडी पुन्हा मेली. त्याच गॅरेजने फोनवरच सांगितलं, मॉड्यूल गेलं असेल, वॉरंटी संपलीय, नवीन मागवू का?

बाई ‘हो’ म्हणणारच होत्या. पण शाळेच्या शिपायाने एमआयडीसीच्या कडेला गॅरेज असलेल्या एका माजी विद्यार्थ्याचं नाव सुचवलं. वर्गात मागच्या बाकावर बसणारा, गणितात जेमतेम, पण बंद पडलेली शाळेची घंटा ज्याने उघडून दुरुस्त केली होती, तो. आता सगळे त्याला मिस्त्री म्हणतात.

‘बाई, एकदा बदललेला पार्ट वर्षात परत जातोय म्हणजे तो कुणीतरी घालवतोय,’ मिस्त्री म्हणाला. ‘गाडी दोन दिवस राहू दे माझ्याकडे. दोष डोळ्यांसमोर आल्याशिवाय मी काही मागवणार नाही.’

त्याच्या हाताखाली आयटीआय झालेला एक मुलगा होता. हुशार, हाताला चलाख. त्याने स्कॅनर लावला. पी ००८७, म्हणजे इंधनाचा दाब कमी. यू ०१०९, म्हणजे पंपाच्या मॉड्यूलशी संपर्क तुटला.

‘दादा, मॉड्यूलच आहे. कोड सांगतोय की.’

‘कोण ओरडलं ते कोड सांगतो. का ओरडलं ते आपण शोधायचं.’

मग काम सुरू झालं, आणि ते सगळं सांगण्यासारखं आहे, कारण गॅरेजमध्ये वेळ इथेच वाचवला जातो आणि गिऱ्हाइकाचे पैसे इथेच बुडतात. आधी किल्ली नुसती ऑन करून टाकीच्या बाजूला कान लावला. दोन सेकंद पंप घुमला आणि थांबला. म्हणजे पंप जिवंत. बॅटरी १२.६ व्होल्ट, फ्यूज शाबूत. मागची सीट उचलली, स्क्रू काढून पत्र्याचं झाकण बाजूला केलं, डबी दिसली. तिच्याकडे येणारी वीज मोजली, तीही इंजिन चालू ठेवून, पंप फिरत असताना. बंद गाडीत झिजलेली तारही १२ व्होल्ट दाखवते, तिच्यातून भार गेला की खरं कळतं. अर्थिंगच्या तारेवर मीटर लावला, ०.०४ व्होल्ट. तिथेही अडथळा नाही. सॉकेटच्या पिना भिंग लावून पाहिल्या. गंज नाही, पाणी नाही, पिवळेपणा नाही.

स्कॅनरवर चालू आकडे बघितले. इंजिनाला पंपाकडून हवा होता ५ बार दाब आणि मिळत होता ५ बार.

‘दाब तर बरोबर आहे, दादा.’

‘दाब बरोबर आहे. तो बरोबर ठेवायला किती मरतोय ते बघ की.’

मुलाने दुसरा आकडा काढला. गाडी नुसती जागेवर उभी, एसी बंद, आणि मॉड्यूल पंपाला ८० टक्क्यांच्या वर जोर देत होतं. आता ८० म्हणजे जास्त की कमी हे नुसतं बघून कसं कळावं? मिस्त्रीकडे त्याच मॉडेलची दुसरी गाडी सर्व्हिसिंगला उभी होती. तिला स्कॅनर लावला. ती तोच ५ बार ४० टक्क्यांच्या आसपास सांभाळत होती. मग डीसी क्लॅम्प मीटर आणला. घरच्या इलेक्ट्रिशियनकडे असतो तो साधा क्लॅम्प बहुधा एसी करंटच मोजतो, तो इथे कामाचा नाही. पंपाच्या तारेभोवती चिमटा लावला. शेजारच्या गाडीचा पंप साडेपाच अँपिअर घेत होता, बाईंच्या गाडीचा ११.

हे चाललं होतं तेव्हा बाई बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून एक कागद वाचत होत्या. शाळेच्या लिपिकेला द्यायची कारणे दाखवा नोटीस. संस्थेच्या सचिवांनी मसुदा पाठवला होता, बाईंनी सही करून सोमवारी द्यायचा होता. फेब्रुवारीची पगारबिलं उशिरा गेली, शिष्यवृत्तीचे सोळा अर्ज राहून गेले, आणि त्यानंतर लिपिका वैद्यकीय रजेवर गेली ती परत आलीच नाही. तिच्या आधीचा लिपिक दीड वर्षात बदली मागून गेला होता. त्याच्याही फाइलला ‘कामात हलगर्जी’ असा शेरा होता. सचिवांचा फोन आला, ‘नोटीस द्या आणि नवीन माणसाची जाहिरात काढू.’ बाईंनी ‘बरं’ म्हटलं आणि फोन ठेवला.

दुपारी दोन वाजता मिस्त्री, मुलगा आणि बाई गाडी घेऊन यवतेश्वरच्या घाटाकडे निघाले. टाकीत पेट्रोल मुद्दाम कमी ठेवलं होतं. टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडून थंड राहतो. काटा खाली गेला की तोही तापतो आणि थोडं उरलेलं पेट्रोलही तापतं. मीटरच्या तारा पुढच्या सीटपर्यंत आणून ठेवल्या होत्या. तिसऱ्या-चौथ्या वळणाला करंट १३ वर गेला, ओढ कमी झाली, गचका बसला आणि गाडी मेली.

मुलगा खाली उतरला नाही, तारा घेऊन तिथेच वाचायला लागला. ‘हुकूम येतोय. वीज येतेय. अर्थिंग आहे. पंपाकडे शून्य.’ मिस्त्रीने फ्यूज घातलेली तार घेऊन पंपाच्या दोन पिनांना बॅटरीची वीज थेट दिली. टाकीचं झाकण बंदच होतं, जोडणी आधीच घट्ट केली होती, कारण पेट्रोलच्या शेजारी ठिणगी पडू देणारा मेकॅनिक फार दिवस मेकॅनिक राहत नाही. पंप घुमला. डबीला हात लावला तर चटका बसला.

‘म्हणजे मॉड्यूलच गेलंय. मी सकाळीच म्हटलं होतं!’ मुलगा खूश झाला.

‘अर्धं म्हटलं होतंस. चल, उरलेलं अर्धं बघू.’

गॅरेजमध्ये परत आल्यावर मिस्त्रीने टाकीपासून पुढे पेट्रोलची वाट धरली. गाडीच्या पोटाखाली, टाकीच्या पुढे, पेट्रोलचा फिल्टर असतो. दाब मोजणारा सेन्सर त्याच्या पुढे, इंजिनापाशी. लाइनमधला दाब आधी उतरवला, बॅटरीची निगेटिव्ह काढली, आग विझवायचं सिलिंडर जवळ आणून ठेवलं, आणि फिल्टरच्या दोन्ही बाजूंना गेज जोडून, बॅटरी परत लावून गाडी पुन्हा चालू केली. फिल्टरच्या पुढे ५ बार, फिल्टरच्या आधी साडेसात.

एवढ्यातच सगळं होतं. फिल्टर चोंदलेला. त्याच्या पलीकडे ५ बार पोहोचवायला अलीकडे साडेसात द्यावे लागत होते. इंजिनाचा कॉम्प्युटर फक्त पलीकडचा आकडा बघत होता, तो थोडा कमी झाला की जास्त मागत होता. डबी देत होती. पंप ओढत होता. थंडीत, पावसात, सपाटीवर हे निभून जात होतं. उन्हाळ्यात, चढावर, रिकाम्या टाकीला ते निभेना आणि डबी तापून हात टेकत होती.

मिस्त्रीने फिल्टर काढला, पेट्रोल पूर्ण निथळू दिलं, वाऱ्याला ठेवला आणि दुसऱ्या दिवशी हॅकसॉने हळूहळू कापला. आतल्या कागदाच्या घड्या एकमेकींना चिकटल्या होत्या, बोट फिरवलं तर काळा लगदा निघाला. बाईंनी सर्व्हिसिंगची पुस्तिका आणली होती. ऑइल फिल्टर दर वेळी बदललेला, एअर फिल्टर बदललेला, एसीचाही बदललेला. हे तिन्ही बॉनेट किंवा डॅशबोर्ड उघडला की दिसतात. पेट्रोलच्या फिल्टरपुढे प्रत्येक वेळी ‘तपासला’ एवढाच शिक्का. बाहेरून धातूचा डबा आणि आत कागद. तो न उघडता काय तपासणार? पोटाखाली आडवं व्हा, पेट्रोल अंगावर घ्या, क्लिपा तुटल्या तर नव्या शोधा, म्हणून तो पुढच्या वेळेवर ढकलला जात राहिला. ९० हजार किलोमीटर असे गेले होते.

‘मग एवढे दिवस कळलं कसं नाही रे?’ बाईंनी विचारलं.

‘दाब बरोबर होता ना, बाई. ही डबी कमी पडू देत नव्हती. तिनं पहिल्याच महिन्यात हात वर केले असते तर दिवा लागला असता, कुणीतरी फिल्टर बघितला असता. आमचे आजोबा म्हणायचे, चाकाला वंगण नसलं की बैलाचा खांदा येतो. मग बाजारातून दुसरा बैल आणा, त्याचाही येणार.’

मुलाने विचारलं, ‘मग दादा, फिल्टर बदलला की मॉड्यूल वाचेल?’

प्रश्न चांगला होता आणि मिस्त्रीने तो उडवून लावला नाही. नवा फिल्टर घातला, करंट ६ वर आला. पंपातून ठरावीक वेळात किती पेट्रोल येतं ते मापाच्या भांड्यात घेऊन पाहिलं, ते कंपनीच्या आकड्यात बसलं. म्हणजे पंप बचावला होता. मग डबी सोडवून टेबलावर घेतली, लांब तारा जोडून गाडी चालू ठेवली आणि हेअर ड्रायरने तिला बाहेरून गरम केलं. उन्हाळ्यात सीटखाली असते तेवढ्याच उष्णतेला तिने पंप सोडला. गार झाल्यावर परत धरला. वर्षभर तापून-निवून आतला टाका तडकला असणार. भार कमी झाला तरी ती आता भरवशाची नव्हती.

‘जे मोडलंय ते मोडलंय,’ मिस्त्री म्हणाला. ‘नवीन घालावं लागेल. पण आता घातलेलं टिकेल.’

इथे या मुलाची खरी शिकवणी झाली असं मला वाटतं. कारण शोधलं की मोडलेली वस्तू आपोआप बरी होते, असा एक गोड गैरसमज असतो. तसं होत नाही. कारणही दूर करावं लागतं आणि झालेलं नुकसानही भरून द्यावं लागतं, आणि दोन्हींचा खर्च येतो. मिस्त्रीने बाईंना दोन्ही आकडे वेगवेगळे लिहून दाखवले. फिल्टरची किंमत बाईंनी पहिल्या वेळी मॉड्यूलला दिलेल्या पैशांपेक्षा कमी होती.

मॉड्यूल आलं तेव्हा मिस्त्रीने खोक्यावरचा नंबर न बघता डबीवरचा नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुन्याशी ताडून पाहिला. दिसायला सारख्या, सॉकेटही सारखं, पण शेवटचं अक्षर वेगळं असेल तर गाडी तिला ओळखेलच असं नाही. बॅटरीची निगेटिव्ह काढली. सॉकेटची कडी आधी मागे सरकवली, मग दाबून सोडवलं. तार धरून ओढलं नाही. बसायची जागा कोरड्या फडक्याने पुसली, कारण डबीची उष्णता त्या पत्र्यातूनच बाहेर जाते आणि मध्ये धूळ असली तर ती आतच राहते. स्क्रू हाताने सुरू करून मग पान्याने आवळले. बॅटरी जोडली, स्कॅनरवरून नव्या मॉड्यूलची ओळख इंजिनाला करून दिली, जुने कोड पुसले. किल्ली दोन-तीनदा ऑन-ऑफ करून लाइनमध्ये पेट्रोल भरू दिलं, सांधे हाताने चाचपून गळती पाहिली आणि मगच स्टार्टर मारला.

५ बार. जोर ४२ टक्के. करंट साडेपाच ते सहा.

दुपारी दोन वाजता, कमी पेट्रोलवर, पुन्हा यवतेश्वर. वरपर्यंत जाऊन, कासच्या रस्त्याला थोडं पुढे जाऊन परत आले. मुलाने उतरल्या उतरल्या सीट उचलून डबीला हात लावला आणि तसाच ठेवला. कोमट होती.

बाईंनी पैसे दिले, पावती घेतली. जाताना जुना कापलेला फिल्टर मागितला नाही की फोटो काढला नाही. फक्त विचारलं, ‘तू शेजारच्या गाडीशी ताडून पाहिलंस. शेजारी तशी गाडी नसती तर?’

‘कंपनीचे आकडे असतात की. आपण मागत नाही एवढंच.’

सोमवारी बाई शाळेत नेहमीपेक्षा तासभर आधी आल्या. सचिवांचा मसुदा पर्समध्येच होता. त्यांनी ऑफिसचं कपाट उघडलं आणि रजेवर असलेल्या लिपिकेच्या टेबलावरून वर्षभरात काय काय गेलं याची यादी करायला बसल्या. शालार्थ पोर्टलवरची पगारबिलं. यू-डायसची माहिती. दहावीचे बोर्डाचे अर्ज. शिष्यवृत्त्या. जनरल रजिस्टर, शाळा सोडल्याचे दाखले, नावातल्या दुरुस्त्या. पोषण आहाराचा हिशेब. फीची वसुली, वीजबिल, संस्थेच्या बैठकांचे इतिवृत्त. शिक्षकांच्या सेवापुस्तिका. माहिती अधिकारातले अर्ज आणि त्यांची उत्तरं. मंजुरीचा जुना कागद काढला, त्यावर दोन लिपिकांची पदं होती. एक पद आठ वर्षांपूर्वीच्या निवृत्तीनंतर रिकामं होतं. त्या पदाचं काम कुणी करायचं याचा आदेश कुठेच नव्हता. ते सरकत सरकत उरलेल्या टेबलावर येऊन बसलं होतं. आणि त्या आठ वर्षांत, या फेब्रुवारीपर्यंत, शाळेतून जिल्ह्याला एकही कागद उशिरा गेला नव्हता.

बाईंनी लिपिकेला फोन केला. रागावल्या नाहीत, समजूतही घातली नाही. ‘तू रोज किती वाजता घरी जायचीस?’ एवढं विचारलं. पलीकडून उत्तर यायला वेळ लागला. पावणेआठ. मार्चअखेरीला त्याहून उशीर. पगारबिलं ती घरी रात्री करत होती, कारण दिवसा शालार्थची साइट चालत नव्हती.

‘मला कधी सांगितलं नाहीस.’

‘तुम्ही कधी विचारलं नाही, बाई. कामं तर वेळेवर जात होती.’

नोटीस दिली गेली नाही. बाईंनी सचिवांना सविस्तर पत्र लिहिलं, सोबत यादी जोडली. पोषण आहाराचा हिशेब आणि दाखल्यांचं काम आदेश काढून तीन जणांत वाटलं. त्यातलं एक स्वतःकडे घेतलं. रिकाम्या पदाला मान्यता मागणारा प्रस्ताव माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे गेला. तो पाठपुराव्याशिवाय हलणार नाही, हे बाईंना माहीत आहे आणि त्या दर महिन्याला त्याची चौकशी करतात. आधीच्या लिपिकाच्या फाइलमधल्या ‘कामात हलगर्जी’ या शेऱ्याखाली त्यांनी दुसरा शेरा लिहिला, तारीख घातली आणि सही केली. लिपिका जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी कामावर रुजू झाली. आता ती साडेपाचला घरी जाते.